पलंगाखालची कॅमशाफ्ट

रत्नागिरी,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

चि. केतन यास,

दमयंती आत्याचा आशीर्वाद पोचावा. बोटीवर पोटाला नीट मिळतं ना, रात्रीची झोप होते ना आणि इंजिनरूमच्या गरमीत डोक्याला तेल लावतोस ना, हे प्रश्न नेहमीचे आहेत. तू नेहमीप्रमाणे त्यांची उत्तरं दिली नाहीस तरी चालेल. इकडे माझे गुडघे बरे आहेत. तुझी गाडीही बरी आहे. (हे वाक्य मुद्दाम आधीच लिहिलं, कारण पत्र हातात आल्यावर तू तेच शोधणार होतास. आता स्वस्थ बसून पुढचं वाच. स्वस्थ बसवेल याची हमी मात्र देत नाही.) हे सगळं फोनवर सांगता आलं नसतं. फोनवर तू 'आत्या, मुद्द्याचं बोल' म्हणतोस, आणि या प्रकरणात मुद्दा शेवटाला आहे. म्हणून कागदावर लिहिते आहे. शेजारची ऋतिका फोटो काढून पाठवील, आणि तुझी बोट कुठल्यातरी किनाऱ्याला लागली की तुला मिळेल.

तर तुझी ती गाडी. तिचं परदेशी नाव मला धड उच्चारता येत नाही, म्हणून मी 'केतनची ती' म्हणते, आणि आळीतल्या बायकांचे कान टवकारतात. आंब्याच्या पेट्या ठेवायची माझी चांगली कोरडी खोपी तू तिला दिलीस, तेव्हा मी काही बोलले नाही. तिच्या सहा सिलेंडरांना एक कार्ब्युरेटर पुरत नाही म्हणून तीन बसवलेस, तेव्हाही गप्प राहिले. पण कॅमशाफ्ट कुठली बसवावी याचा घोळ तू गेल्या दिवाळीपासून घातलास. सिंगापुराहून फोन आला की मोठी हवी, सुएझहून आला की मध्यम बरी. शेवटी दोन मागवल्यास, दोन्ही माझ्या पत्त्यावर. आणि निरोप काय, तर 'आत्या, आता रेंज जाणार आहे, तूच ठरव, तुझ्या हाताला यश आहे.' अरे, माझ्या हाताला यश आहे ते लोणच्यात. बायको पसंत करायला तुला एक संध्याकाळ पुरली आणि एक लोखंडी दांडा पसंत करायला वर्ष पुरलं नाही, याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं.

पेट्या उघडून बघितल्या. दोघींच्या अंगाला काळं चिकट तेल माखलेलं. मला ते बघवेना, म्हणून दोन्ही दांडे मोरीवर नेऊन स्वच्छ पुसले, उन्हात सुकवले, खोबरेलाचा हात फिरवला आणि पुन्हा पेट्यांत ठेवले. दिसायला जुळ्या बहिणी. पेटीतले कागद वाचून, आणि ऋतिकाकडून त्यांचा अर्थ काढून घेऊन, मला समजलं ते असं. दांड्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, ते इंजिनाची दारं उघडतात. तुझी मध्यम ती शांत, मोठी ती तापट, असं मी पेट्यांवर लिहूनही ठेवलं. शांत कॅमशाफ्ट दार बेताचं उघडते आणि वेळेवर लावते. गाडी हळू चालते तेव्हाही घर शाबूत राहतं. तापट असते ती दार सताड उघडते, उशिरापर्यंत ठेवते, आणि मधल्या काही वेळात पुढचं आणि मागचं दार एकदमच उघडं असतं. हळू चालताना मग वारा आरपार जातो आणि दिवा फडफडतो. पण एकदा पळत सुटली की पुढून येणारी हवा एवढी जोरात आत शिरते की त्याच दारांचा फायदा होतो. म्हणजे एकीला संसार जमतो आणि एकीला शर्यत. दोन्ही एकीत मिळत नाही, हे तू इंजिनियर असून तुला वर्षभर पटत नव्हतं.

आणि नेमकी इथेच तुझी वेदिका आली. म्हणजे आधी तिचे वडील आले. सावर्ड्याचे गुरुप्रसादशेठ, भातगिरणीचे मालक, माणूस तोलून बोलणारा. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की मुलगा बोटीवर चांगला आहे, पण सुट्टीत आला की घाटात गाड्या उडवतो, आणि डिसेंबरात डोंगरचढाईच्या शर्यतीत उतरणार आहे. त्यांनी फोनवर मला सरळ विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे गेल्या गणपतीतले तू आणि वेदिका आलात. मोदक वळायच्या निमित्ताने माझ्या पडवीत बसला होतात, आणि दोघांनी मिळून एकही मोदक धड वळला नव्हता. ती पोरगी तू हातची घालवू नयेस, एवढंच मला वाटलं. आणि मी ठोकून दिलं की गाडी अगदी घरगुती आहे, आम्ही तिचा उपयोग देवदर्शनाला करतो. शेठ म्हणाले, मग छानच झालं, आमचं कुलदैवत वेळणेश्वर, आपण सगळे तुमच्या त्या गाडीतूनच जाऊ आणि काय ते बोलून टाकू. मी भाड्याची गाडी सुचवली. नको म्हणाले. माझ्या गुडघ्यांचं कारण सांगितलं. तर म्हणाले, गाडीतच तर बसायचंय.

आता निवड सोपी होती. शांत बसवायची, शेठना सुखाने देवदर्शन घडवायचं, लग्न ठरवून घ्यायचं. तुझी शर्यत गेली उडत. मी मिरकरवाड्याच्या गंगाराम मिस्त्रीला बोलावलं. त्याचा सगळा जन्म मच्छीमार बोटींच्या इंजिनांत गेला, पण तुझ्या गाडीला हात लावायची परवानगी तू त्यालाच दिली आहेस. त्याने पेट्या बघितल्या, गाडी बघितली, आणि हात मागे बांधून उभा राहिला. बोटीचं इंजिन उघडायच्या आधी त्यांच्या वाडीत देवीला कौल लावतात, हे मला माहीत होतं. पण रस्त्यावरच्या गाडीला कशाला? गंगाराम म्हणाला, "एंजिनाचा काळीज बदलायचा हाय, बाय. देवीला इचारल्याबिगर मी पाना धरनार नाय." त्याला मी समजावलं, रागावले, दोन वेळा चहा पाजला. माणूस हलला नाही. आणि शेठ यायचा दिवस जवळ आलेला.

म्हणून मी, पोस्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली बाई, तुझी कॅमशाफ्ट पिशवीत घालून वाडीच्या देवळात गेले. (शांतवाली नेली. वजनाने पिशवीचा बंद तुटला, रिक्षात पायावर पडली, अंगठा अजून निळा आहे. अंगठ्याची चौकशी तू केली नाहीस तरी वेदिकेने केली.) देवळात आणखी चारदोन माणसं होती, तीही कुतूहलाने थांबली. गुरवाने देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर बसवायची, डावी पडली तर नाही. मी त्याला दोन्ही दांड्यांचं सगळं सांगितलं, दार किती अंश उघडं राहतं ते कागदावरचे आकडेसुद्धा. त्याने मान डोलावली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. केतन, त्याने ते गाऱ्हाणं बोटीचं घातलं. त्याच्या जिभेला तेच वळण, दुसरं येणार कुठून? लेकरू दर्यात चाललंय, वाऱ्यावादळात त्याला मागे ठेवू नको, सगळ्यांच्या आधी बंदरात आण, आणि त्यासाठी हा शांत दांडा बसवावा काय ते सांग, म्हाराजा. मागून सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. मी बोलायला तोंड उघडलं, तर गंगारामने डोळ्यांनी गप्प केलं. कौल लागलेला असताना मधे बोलायचं नसतं.

बराच वेळ काहीच पडलं नाही. समईची वात काजळली. मी उजव्या पाकळीकडे अशी बघत होते, की डोळ्यांनी ओढून पाडता आली असती तर पाडली असती. मग डावी पाकळी हलली, जराशी घसरली, थांबली, आणि पडली. मी गुरवाला म्हटलं, देवीला बोटीचं विचारलंत तर ती बोटीचंच उत्तर देणार. दर्यात पुढे राहायचं तर तिने शांत नको म्हणणं साहजिकच आहे. पुन्हा विचारा, नीट गाडीचं म्हणून. तो म्हणाला, ही काय शाळेची परीक्षा आहे का, नापास झालं की पुन्हा बसायला. गंगारामने तर विषयच संपवला. देवीने शांत नाकारली, म्हणजे तापट बसणार, नाहीतर मिस्त्री दुसरा बघा. रत्नागिरीत दुसरा मिस्त्री तुझ्या तीन कार्ब्युरेटरांना बघून पळून जातो, हे तुलाही ठाऊक आहे.

घरी येऊन मी दोन्ही पेट्या गंगारामपुढे ठेवल्या. त्याने 'तापट' लिहिलेली पेटी उचलली, आतल्या कागदाबरहुकूम सगळी मापं लावली, आणि उरलेली पेटी मी माझ्या पलंगाखाली सरकवली. गाडी सुरू केली तेव्हा खोपीची कौलं थरथरली. उभ्या जागी ती अशी धडधडत होती, की आता बंद पडते का मग, एवढाच प्रश्न होता. मधेच पडायचीही. शेजारच्या कमळावहिनी विहिरीचा पंप फुटला म्हणून धावत आल्या. मी गंगारामला विचारलं, ही हळू चालेल ना? तो म्हणाला, हळू चालायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आणि वेदिका आले. शेठच्या हातात देवाला द्यायचा नारळ. ते पुढे बसले, गंगाराम चालवायला, मी आणि वेदिका मागे. गाडी आवाज करत होती, आणि मी तो ऐकू येऊ नये म्हणून बोलत होते. आंब्याचा मोहर, भाताचा उतारा, तुझ्या लहानपणचा गोवर, सगळं सांगितलं. चाफे गावापर्यंत ठीक होतं, म्हणजे वेग होता. नंतर एक गुरं हाकणारा आडवा आला, गंगारामने पाय काढला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू करताना तो मागे वळून मला हळूच म्हणाला की ब्रेकला जोर येतो तो इंजिनाच्या ओढीने, इंजिन असं धापा टाकायला लागलं की ब्रेक दगड होतो, तेव्हा देवाचं नाव घ्या. हे त्याने मला आदल्या दिवशी सांगायला नको होतं का? वेदिका मान तिरकी करून नुसती इंजिन ऐकत होती. मला वाटलं, संपलं. पोरगी घाबरली.

आणि पुढे जयगडची फेरीबोट होती. तो धक्क्यावरचा उतार तुला माहीत आहे. खाली बोटीची लोखंडी फळी टेकलेली, दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी, आणि गाडी मुंगीच्या पावलाने उतरवावी लागते. मुंगीचं पाऊल हेच तर तुझ्या गाडीला येत नव्हतं. उताराच्या मध्यावर गंगारामने वेग कमी केला आणि इंजिन गपकन बंद. गाडी मात्र थांबली नाही. गंगाराम ब्रेकवर जवळजवळ उभा राहिला, ब्रेक हलेना. बोटीवरचा माणूस हात वर करून ओरडत बाजूला झाला. मी शेठच्या खांद्याला धरलं, शेठनी नारळाला धरलं. गंगारामने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, गाडी किंचित तिरकी झाली आणि फळीच्या अलीकडे उभी राहिली. माझ्या खिडकीतून खाली बघितलं तर नुसतं पाणी. कुणीतरी धावत येऊन चाकांना दगड लावले. गंगारामने हँडब्रेक अजून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तो तेवढ्यापुरता मिस्त्री राहिला नव्हता, म्हातारा माणूस झाला होता. त्याची मला फार कीव आली, आणि त्याहून जास्त तुझा राग आला.

तेव्हा वेदिका दार उघडून उतरली. पुढे गेली, गंगारामचं दार उघडलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही मागे बसा. मी घेते." शेठ काहीतरी म्हणाले. तिने ते ऐकलं नाही. (नंतर कळलं, गिरणीचं जुनं इंजिन शाळेत असल्यापासून तीच चालू करते. ते बिथरलं की शेठ घरात जाऊन बसतात.) तिने चप्पल काढून माझ्याकडे दिली. इंजिन सुरू केलं आणि बंद पडू दिलंच नाही. उजव्या पायाची टाच अ‍ॅक्सिलरेटरवर, त्याच पायाचा चवडा ब्रेकवर, आणि डावा पाय क्लचवर अर्ध्यात. इंजिन जागच्या जागी गर्जत होतं आणि गाडी एकेक वीत पुढे सरकत होती. माझ्या डोळ्यांपुढे तिच्या मानेची शीर ताठलेली दिसत होती. पुढची चाकं फळीवर चढली, फळी खणखणली, मागची चढली, आणि गाडी बोटीवर जागेवर उभी राहिली. मी चप्पल छातीशी धरून बसले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

खाडी ओलांडेपर्यंत शेठ पाण्याकडे बघत होते. मी मनात तुझं लग्न मोडल्याचं पत्र लिहायला घेतलं होतं. पलीकडे तवसाळला उतरल्यावर चढ लागला. वेदिका चालवतच होती, तिला बाजूला हो म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिने एकदा आरशात माझ्याकडे बघितलं आणि पाय दाबला. ती धडधड एकाएकी मिटली. सगळी सहा सिलेंडरं एका आवाजात बोलायला लागली आणि वळणं भराभर मागे पडली. मला भीती वाटली, खूप वाटली. आणि मग, हे तुझ्या आईला कळवू नकोस, मला मजा वाटली. गंगाराम शेजारी डोळे मिटून 'व्हय म्हाराजा' म्हणत होता.

वेळणेश्वरला शेठ देवळात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. शेठ आले, माझ्यासमोर उभे राहिले. चेहरा अजून पांढरा होता. म्हणाले, "ताई, मुलगा गाडी उडवतो म्हणून नकार सांगायला आलो होतो. आता कुठच्या तोंडाने सांगू?" मग लेकीकडे बघून म्हणाले की यापुढे तू या गाडीत बसायचं नाहीस. ती म्हणाली, "नाही बसणार, बाबा. चालवीन." शेठनी तो नारळ माझ्या ओटीत घातला. केतन, तुझं लग्न ठरलं. मी तिथेच ओट्यावर रडले, आणि रडले हे लिहायला मला लाज वाटत नाही.

परत येताना शेठ एस.टी.ने गेले, एवढं सोडलं तर सगळं आनंदात पार पडलं. जपून राहा, उन्हातान्हात टोपी घाल.

तुझी,
दमयंती आत्या

ता. क. आता विनंती. डिसेंबरातल्या शर्यतीत गाडी वेदिका चालवणार आहे. ती तुला विचारणार नाही, सांगणार आहे, म्हणून तिच्या आधी मी विचारते आहे. तू मुकाट्याने हो म्हण आणि शेजारी बसून नारळ धर. तुझ्या सासऱ्यांनी तो कसा धरायचा ते दाखवलेलं आहे.

ता. क. दुसरा. पत्र ऋतिकाकडे द्यायला निघाले होते, एवढ्यात गंगाराम आला. पलंगाखालच्या पेटीला खाऱ्या हवेचा गंज चढला का बघायला. त्याने दांड्याच्या टोकावर कोरलेला नंबर कागदाशी ताडून बघितला आणि खाली बसला. तापट ही पलंगाखाली आहे, केतन. मोरीवर पुसून परत ठेवताना मी एकीला दुसरीच्या पेटीत घातलं. देवळात रिक्षाने नेली ती तापट होती, माझ्या अंगठ्यावर पडली तीही तीच. गाडीत बसली आहे ती शांत. शांत बाईला तापट बाईची मापं लावली म्हणून ती अशी वागली, असं गंगाराम म्हणतो. देवीला मी दोष देत नाही. गुरवाचं गाऱ्हाणं चाललं होतं तेव्हा मी मनात कॅमशाफ्टचं मागितलंच नव्हतं. ही दोन पोरं एकत्र येऊ देत, एवढंच मागत होते, आणि ते तिने दिलं.

ता. क. तिसरा. वेदिकेला यातलं काही सांगितलेलं नाही. तिचा आत्ताच सावर्ड्याहून फोन आला होता. गाडी तिला आवडली, फक्त चढावर जरा मवाळ वाटली, याहून तापट काही मिळतं का विचारत होती. मी म्हटलं, केतनला विचारून सांगते. तेव्हा लवकर कळव, पेटी बाहेर काढू, की तू घरी येईपर्यंत तिच्यावरच झोपू?